ॲप काढलं तरी खातं राहतं: गूगल, व्हॉट्सॲप, फेसबुककडची आपली माहिती मिटवायची रीत

मोबाईलमधलं फेसबुक काढलं, व्हॉट्सॲप काढलं, फोन रिसेट मारला आणि भाच्याला देऊन टाकला. आता आपलं कुठे काही राहिलं नाही, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. फोनमधून ॲप गेलं, एवढंच झालेलं असतं. फोटो, संपर्कांची यादी, काय शोधलं, कुठे गेलो, कोणती दुकानं पाहिली, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्याखाली जसंच्या तसं पडून राहतं. शेताचं फाटक काढून नेलं म्हणून सातबारावरचं नाव निघत नाही, तसाच हा प्रकार.

नाव काढायचं तर फेरफारासारखा क्रम पाळावा लागतो. आधी खातं आपल्या ताब्यात घ्यायचं, मग हवं त्याची प्रत काढायची, मग त्या खात्याला बांधलेल्या गोष्टी सोडवायच्या आणि शेवटी मिटवायचं. मोठ्या चुका या क्रमाच्याच होतात. खातं आधी उडवलं आणि शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच ईमेलवर होता हे नंतर कळलं, तर वर्ष वाया जातं.

खातं कोणाच्या हातात आहे?

खानदेशात गावोगावी पहिलं जीमेल मोबाईलवाल्याने काढून दिलेलं असतं, नाहीतर अर्ज भरताना सेवा केंद्रावर तयार झालेलं असतं. पासवर्ड त्यांच्या वहीत आणि कधी कधी रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, नंबरही त्यांचाच. अशा खात्याचे मालक तुम्ही फक्त नावापुरते असता.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘गूगल’वर जा. वर ईमेल दिसेल, त्याशेजारच्या बाणावर टिचकी मारली की या फोनवरची सगळी खाती दिसतात. दोन-तीन निघाली तर दचकू नका, दर नव्या फोनला नवं खातं काढण्याची सवयच पडली आहे. प्रत्येक ईमेल कागदावर लिहून घ्या. मग ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’ उघडा आणि ‘सिक्युरिटी’ या भागात तीन गोष्टी तपासा: रिकव्हरी फोन, रिकव्हरी ईमेल आणि ‘युअर डिव्हाइसेस’. पहिल्या दोन्ही तुमच्या स्वतःच्या करा. तिसऱ्यात ओळखीचा नसलेला फोन किंवा संगणक दिसला तर तिथून साइन आउट करा आणि लगेच पासवर्ड बदला.

पासवर्ड आठवत नसेल तर ‘फरगॉट पासवर्ड’चा प्रयत्न घरीच, रोजच्या फोनवरून आणि रोजच्या इंटरनेटवरून करा. खातं नेहमी कोणत्या उपकरणावरून आणि कोणत्या ठिकाणाहून उघडलं जातं, हे गूगल ओळख पटवताना पाहतं. तालुक्याच्या गावी कॅफेत बसून केलेला प्रयत्न त्यामुळे फसण्याची शक्यता जास्त. जुना पासवर्ड विचारला तर आठवतो तो शेवटचा लिहा, रिकामं सोडू नका.

प्रत काढून ठेवा

गूगलकडची सगळी माहिती एकत्र उतरवून घ्यायची सोय म्हणजे ‘टेकआउट’. ती २०११ पासून आहे. ब्राउझरमध्ये टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम उघडा. सगळ्या सेवांवर आधीच खूण केलेली असते, म्हणून पहिल्यांदा ‘डिसिलेक्ट ऑल’ दाबा आणि लागेल तेवढंच निवडा. बहुतेकांना फोटो, संपर्क, ड्राइव्ह आणि मेल पुरतात. पुढच्या पानावर ‘एक्सपोर्ट वन्स’ आणि झिप ठेवा.

फाइलचा आकार १, २, ४, १० किंवा ५० जीबी निवडता येतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे रेंज मध्येच गळते, तिथे १ जीबीच निवडा. तुकडे जास्त होतील, पण एखादा अर्ध्यात तुटला तर तेवढाच पुन्हा उतरवावा लागेल. फाइल तयार व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात. तयार झाली की मेलवर लिंक येते आणि ती साधारण ७ दिवसच चालते. लग्नाच्या धावपळीत हे काम काढू नका.

इथे एक फसगत हमखास होते. ‘प्रत कुठे पाठवायची’ याला ‘ड्राइव्हमध्ये टाका’ असं उत्तर दिलं, तर प्रत त्याच खात्यात जाते आणि खातं मिटलं की तीही मिटते. पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा संगणकच हवा. उतरवून झाल्यावर झिप उघडून पाहा, फोटो खरंच दिसतात का ते बघा. संपर्क व्हीकार्ड फाइलमध्ये येतात, ते कोणत्याही फोनमध्ये भरता येतात. मेल एमबॉक्स या प्रकारात येतात, ते वाचायला संगणकावर थंडरबर्डसारखा मोफत प्रोग्राम लागतो.

गाठी सोडवा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि नुकसान होतं तेही इथेच. मिटवायच्या ईमेलवर किंवा नंबरवर काय काय नोंदवलं आहे त्याची यादी करा. बँक, पीएफ, महाडीबीटी, डिजिलॉकर, कॉलेजचा प्रवेश, विमा, गॅस. प्रत्येक ठिकाणी आधी नवा ईमेल टाका, तो ओटीपीने पक्का करा, मगच पुढे जा. यादी आठवत नसेल तर जीमेलच्या शोधपट्टीत ‘ओटीपी’, ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’ हे शब्द इंग्रजीत टाकून पाहा. विसरलेली निम्मी खाती तिथे वर येतात.

पैशांच्या गाठी वेगळ्या. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून चालू असलेले मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्या, रद्द करा, नंतर बँक खातं त्या ॲपमधून काढून टाका. प्ले स्टोअरमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ पाहा. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही, दर महिन्याला पैसे कापले जातातच.

‘साइन इन विथ गूगल’ किंवा फेसबुकने उघडलेली ॲप्सही पाहून घ्या. गूगल खात्यात थर्ड पार्टी जोडण्यांचं पान असतं, तिथे नावं दिसतात. तिथून जोडणी तोडली तरी त्या ॲपने आधीच नेलेली माहिती त्याच्याकडेच राहते. त्यामुळे आधी त्या ॲपमध्ये जाऊन खातं मिटवा, मग जोडणी तोडा. उलट केलंत तर त्या ॲपमध्ये पुन्हा शिरायला अडचण येऊ शकते. खातं मिटवायची सोय सापडत नसेल तर प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’ बघा. ज्या ॲपमध्ये नवं खातं उघडता येतं त्याने ते मिटवायची सोय ॲपमध्ये आणि वेबवरही द्यावी, असा गूगलचा नियम आहे.

गूगल: खातं ठेवून माहिती मिटवणं

बहुतेकांना खातं उडवायची गरज नसते. खातं राहू द्या, साठा रिकामा करा, हा आमचा सल्ला.

‘डेटा अँड प्रायव्हसी’ या भागात तीन मोठी कोठारं आहेत: वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी, टाइमलाइन आणि यूट्यूब हिस्टरी. प्रत्येकाला बंद करायचं बटण आहे. नुसतं ‘टर्न ऑफ’ केलं तर पुढची नोंद थांबते, मागचा साठा तसाच राहतो. ‘टर्न ऑफ अँड डिलीट ॲक्टिव्हिटी’ हा दुसरा पर्याय निवडला तरच जुनं जातं. ब्राउझरमधली हिस्टरी पुसण्याने यातलं काहीच हलत नाही. ती फोनमधली यादी, ही गूगलकडची.

सगळं बंद करायचं नसेल तर ‘ऑटो-डिलीट’ लावा. ३, १८ किंवा ३६ महिन्यांपेक्षा जुनं आपोआप मिटत जातं. ३ महिने निवडा, नकाशे आणि शोध तेवढ्यावरही व्यवस्थित चालतात.

टाइमलाइन म्हणजे तुम्ही कुठे कुठे फिरलात त्याची नोंद. पूर्वी ती गूगलच्या सर्व्हरवर असायची, २०२४ पासून फोनमध्ये हलवली गेली. ती आता मॅप्स ॲपमध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून ‘युअर टाइमलाइन’मधून मिटवावी लागते. जुना फोन कपाटात असेल तर त्यातही वेगळी तपासा, आणि बॅकअप चालू केला असेल तर तोही काढा.

फोटोंमध्ये दोन उलट्या चुका होतात. कोणी ‘बॅकअप’ बंद करतो आणि चढलेले फोटो गेले समजतो, ते जात नाहीत. कोणी फोनची जागा मोकळी करायला गूगल फोटोज ॲपमधून फोटो डिलीट करतो आणि ते सगळीकडून जातात. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. जीमेलची कचरापेटी ३० दिवसांची. खरंच मिटवायचं असेल तर कचरापेटीही हाताने रिकामी करा.

जेमिनीला, म्हणजे गूगलच्या एआय सहायकाला, प्रश्न विचारत असाल तर ‘जेमिनी ॲप्स ॲक्टिव्हिटी’ वेगळी बघावी लागते. त्यातल्या काही गप्पा माणसांकडून तपासल्या जातात, आणि तपासणीला गेलेला भाग तुम्ही मिटवला तरी ३ वर्षांपर्यंत राहू शकतो, असं गूगलनेच लिहून ठेवलं आहे. आजारपण, कोर्टाचा दावा, बँकेचे आकडे तिथे टाकूच नका.

गूगल: पूर्ण खातं मिटवणं

१. ज्या फोनवर हे खातं आहे तो विकायचा असेल तर आधी फोनच्या सेटिंग्जमधून खातं काढून टाका, मगच रिसेट करा. उलट केलं तर फोन चालू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो. मग दुकानदाराला पासवर्ड सांगायची वेळ येते, आणि केलेल्या सगळ्या कामावर पाणी पडतं.

२. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर लॉगिन करून ‘डेटा अँड प्रायव्हसी’च्या अगदी तळाशी जा. तिथे ‘डिलीट अ गूगल सर्व्हिस’ आणि ‘डिलीट युअर गूगल अकाउंट’ असे दोन पर्याय आहेत. फक्त जीमेल नको असेल तर पहिला.

३. पासवर्ड टाका, इशारे वाचा, दोन्ही चौकोनांवर खूण करा, बटण दाबा.

तो ईमेल पत्ता पुन्हा कोणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. दुसऱ्या दिवशी विचार बदलला तर लगेच रिकव्हरीच्या पानावर प्रयत्न करा, उशीर झाला की परत मिळेल याची खात्री नाही. बटण दाबलं म्हणजे त्याच क्षणी सगळं नष्ट झालं असंही होत नाही. चालू सर्व्हरवरून पूर्ण मिटायला साधारण २ महिने लागतात. चुकून मिटवणाऱ्यांसाठी राखलेला महिनाभराचा काळही त्यातच धरलेला असतो. बॅकअपच्या कूटबद्ध प्रती ६ महिन्यांपर्यंत राहू शकतात. एकच माहिती अनेक ठिकाणी साठवलेली असते, म्हणून हा वेळ.

ज्या खात्यात तुम्ही शिरूच शकत नाही त्याचं काय? २ वर्षं कोणी वापरलं नाही तर गूगल वैयक्तिक खातं मिटवू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मात्र कोणाच्या तरी फोनवर ते चालू असेल तर खातं जिवंतच राहतं.

व्हॉट्सॲप, आणि नंबर सोडण्याआधीचं काम

नंदुरबार-धुळ्याकडून कामाला सुरतेला गेलेला माणूस तिथे नवं सीम घेतो आणि जुन्याचं रिचार्ज थांबवतो. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲप आपोआप खातं मिटवतं ते १२० दिवस न वापरल्यावर. मधल्या काळात नवा ग्राहक त्या नंबरवर व्हॉट्सॲप उघडतो, जुने गट आणि ओळखीचे लोक त्याला ‘काका, मोटार जळाली’ म्हणून निरोप धाडत राहतात. तुमच्या जुन्या चॅट त्याला दिसत नाहीत, पण त्या नंबरवर बांधलेले ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून सीम चालू असतानाच निर्णय घ्या.

नंबर बदलायचा असेल तर सेटिंग्ज, अकाउंट, ‘चेंज नंबर’. गट आणि सेटिंग्ज नव्या नंबरवर येतात आणि जुन्यावरचं खातं मिटतं. कायमचं मिटवायचं असेल तर त्याच ठिकाणी ‘डिलीट अकाउंट’, नंबर टाका, बटण दाबा. आधी हव्या त्या चॅटमधून ‘एक्सपोर्ट चॅट’ करा. फोटोंसकट शेवटचे १०,००० निरोप निघतात, फोटोंशिवाय ४०,०००. केळीच्या भावाच्या किंवा भाऊबंदांच्या गटाचे तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर आधी दुसरा नेमा, नाहीतर व्हॉट्सॲप कोणालाही ॲडमिन करतं.

व्हॉट्सॲपकडून माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुम्ही पाठवलेले निरोप समोरच्याच्या फोनवर तसेच राहतात. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ निरोप पाठवल्यापासून जेमतेम अडीच दिवसच चालतं, म्हणून एखादा निरोप काढायचा तर तो आधीच काढा.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम

इथे ‘डिॲक्टिव्हेट’ आणि ‘डिलीट’ यांतला फरक आधी समजून घ्या. पहिल्यात खातं फक्त पडद्याआड जातं, माहिती सगळी कंपनीकडे. रस्ता दोन्हींचा एकच आहे: सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, ‘अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल’, मग ‘डिॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन’. तिथे डिलीट निवडा. वाटेत ‘थोडी विश्रांती घ्या’ छापाचे पडदे दोन-तीनदा येतील, न थांबता पुढे जा.

त्याआधी ‘डाउनलोड युअर इन्फर्मेशन’मधून प्रत घ्या. स्वतः वाचायची असेल तर एचटीएमएल निवडा. तारखेच्या रकान्यात ‘ऑल टाइम’ आहे का पाहा, नाहीतर गेल्या वर्षाचंच हाती येतं. दुकानाचं पेज तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तेही खात्याबरोबर जाईल. दुसऱ्याला पूर्ण अधिकार देऊन ठेवा.

डिलीट दाबल्यावर ३० दिवस मुदत असते. या काळात एकदाही लॉगिन करून मिटवणं रद्द केलं की सगळं पूर्ववत. बहुतेकांचा घोटाळा हाच: दुसऱ्या फोनवर ॲप उघडंच असतं, किंवा एखाद्या खेळात ‘फेसबुकने लॉगिन’ दाबलं जातं. म्हणून सगळ्या फोनवरून आधी लॉगआउट करा आणि मगच बटण दाबा. पुढे सगळं पुसायला एकूण ९० दिवसांपर्यंत लागतात. मेसेंजरमध्ये पाठवलेलं समोरच्याकडे राहतंच.

खातं ठेवायचं असेल तर एकच जागा जरूर बघा: ‘युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’. दुसऱ्या साइट आणि ॲप तुमच्याबद्दल फेसबुकला काय कळवतात त्याची यादी तिथे आहे. ‘क्लिअर प्रीव्हियस ॲक्टिव्हिटी’ दाबा, आणि पुढचीही जोडणी तोडा. ठिबकच्या नळ्या बघितल्यावर दिवसभर ठिबकच्याच जाहिराती का येतात, ते ही यादी वाचून कळतं.

ट्रूकॉलर आणि खरेदीची ॲप्स

ट्रूकॉलर म्हणजे फोन करणाऱ्या नंबरचं नाव दाखवणारं ॲप. त्यात तुम्ही स्वतः नसलात तरी नाव दिसू शकतं. ॲप वापरत असाल तर आधी सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी सेंटर’मधून खातं डिॲक्टिव्हेट करा, मग त्यांच्या वेबसाइटच्या ‘अनलिस्ट’ (यादीतून नाव काढायच्या) पानावर ९१ लावून नंबर टाका. खातं चालू ठेवून अनलिस्ट होत नाही.

ॲमेझॉनवर ऑर्डरची यादी मिटवता येत नाही, पाहिलेल्या वस्तूंची यादी मात्र काढता येते. खातं बंद करण्याआधी पे बॅलन्स संपवा, परत यायच्या वस्तूंचे पैसे येऊ द्या, बिलं उतरवून घ्या. वॉरंटीला ती लागतात.

जे लगेच मिटत नाही, आणि तक्रार

सगळंच मिटवा म्हणून कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खातं बंद केल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. पैशांच्या व्यवहारांच्या नोंदी त्याहून जास्त काळ ठेवाव्या लागतात.

इंटरनेटवर मिळणारे अर्जाचे नमुने बहुतेक युरोपच्या कायद्याची कलमं सांगतात. चोपड्यात किंवा रावेरात बसून त्यांचा उपयोग नाही. आपला कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. माहिती दुरुस्त करण्याचा आणि मिटवण्याचा हक्क त्याच्या कलम १२ मध्ये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदींसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोपर्यंत कंपनीच्या स्वतःच्या सोयी आणि तक्रार अधिकारी हाच रस्ता. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता त्यांच्या वेबसाइटवर असतो.

तक्रारीत खात्याचा ईमेल किंवा नंबर, काय मिटवायचं आहे, कोणत्या तारखेला प्रयत्न केला आणि काय संदेश आला, एवढंच लिहा. स्क्रीनशॉट जोडा. ओळखपत्र मागितलं तर आधारची पूर्ण प्रत देऊ नका, शेवटचे ४ अंकच दिसतील अशी मास्क्ड प्रत डाउनलोड होते, ती पाठवा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, जीएसी डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर.

तक्रार अधिकाऱ्याचा नंबर गूगलवर शोधून फोन मात्र लावू नका. शोधात वर येणारे ‘कस्टमर केअर’ पुष्कळदा ठगांचे असतात. ‘डेटा डिलीट करून देतो, हे ॲप टाका आणि स्क्रीन दाखवा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

बटण दाबलं त्या दिवशीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि ९० दिवसांनी एकदा तपासा. ‘फरगॉट पासवर्ड’मध्ये जुना ईमेल किंवा नंबर टाका. खातं सापडत नाही असं उत्तर आलं तर काम झालं. सापडलं तर ते मिटलेलं नाही, कोणत्या तरी फोनवर अजून उघडं असू शकतं. आधी कपाटातला जुना फोन चार्जिंगला लावून बघा.